कुंकू पसरलंय का ते आधी बघा

गेल्या महिन्यात एक काका दुकानात आले, सत्तरीच्या पुढचे, हातात नातवाचा मोबाईल. पुढच्या आठवड्यात काकूंचं वर्षश्राद्ध होतं, त्यांना चार बाय तीनचा फ्लेक्स हवा होता आणि घरात लावायला एक फ्रेम. "हिचा हा एवढाच फोटो हाय बघ पोरा, चांगला मोठा कर." मी मोबाईलवरनं फोटो घेतला, कॉम्प्युटरवर उघडला आणि बघतो तर फाईल ५८ केबीची. कुणीतरी लग्नातल्या छापील फोटोचा मोबाईलवर फोटो काढलेला, तो फॅमिली ग्रुपवर टाकलेला, तिथनं दुसऱ्या ग्रुपवर, मधे कुणीतरी क्रॉप करून स्टेटसला लावलेला आणि त्याचा परत स्क्रीनशॉट. मोबाईलच्या स्क्रीनवर बरा दिसत होता, पण शंभर टक्के झूम केल्यावर कपाळावरचं कुंकू जागेवर नव्हतंच. तिथं एक तांबूस डाग होता, पार भुवयांपर्यंत ओघळल्यासारखा. नथीचे मोती वेगळे दिसत नव्हते, सगळ्यांचा मिळून एक पांढरट ठिपका झालेला, आणि साडीच्या काठाच्या जागी नुसते चौकोन.

मी काकांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं की मूळ फोटो, कागदावरचा, घरात आहे का कुठं. म्हणाले ट्रंकेत असंल. मग म्हटलं काका, उद्या तोच घेऊन या, घाई नाही, मी तोवर कामाला हात लावत नाही. एसटीनं पंचवीस किलोमीटर परत जायचं होतं त्यांना, मला वाईट वाटलं, पण त्या ५८ केबीवरनं काकूंचा फ्लेक्स करणं माझ्या हातनं झालं नसतं.

तेव्हापासनं हे लिहायचं डोक्यात आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, भरतीचे फॉर्म, सतरा वर्षं हेच करतोय आणि रोज कमीत कमी चार माणसं अशी येतात की ज्यांच्याकडे फोटो आहे पण फोटोत काही उरलेलं नाही. चूक त्यांची नाही, हे कुणी त्यांना कधी सांगितलेलंच नसतं. जेपेग, पीएनजी, टिफ, वेबपी ही फोटो साठवायच्या प्रकारांची नावं सगळ्यांनी बघितलेली असतात, पण कुठलं कशासाठी हे विचारलं की उत्तर येतं "जे छोटं होईल ते".

तर आधी जेपेग, कारण ९० टक्के गोंधळ तिथंच आहे. आणि ते कुंकू पसरलं कसं हे एकदा कळलं ना की बाकीचं आपोआप कळतं.

आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तेवढा कळत नाही. जेपेग याचाच फायदा घेतं. फोटोचे ते दोन भाग करतं, एक उजेडाचा आणि एक रंगाचा. उजेडाचा भाग पूर्ण ठेवतं, पण रंगाच्या भागात बहुतेक वेळा दोन आडवे आणि दोन उभे अशा चार पिक्सेलला, म्हणजे फोटो ज्या ठिपक्यांचा बनतो त्यातल्या चार ठिपक्यांना, मिळून एकच रंग ठेवतं. याला ४:२:० म्हणतात. डोंगर, आभाळ, शेत, गर्दी असल्या फोटोत हे कुणाच्या बापाला कळत नाही. पण गोरंगोमटं कपाळ आणि त्यावर लालभडक कुंकू, आणि चेहराच मुळात फोटोत दोनशे पिक्सेलचा, म्हणजे कुंकू असेल दहा-बारा पिक्सेलचं, त्याच्या रंगाला तिथं पाच-सहाच ठिपके मिळणार. आणि हे झालं नुसतं पहिल्या पायरीवर.

दुसरी पायरी म्हणजे चौकोन. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करतं. रंगाचा भाग आधीच अर्ध्यावर आणलेला असतो, त्यामुळे रंगाचा एक तुकडा खऱ्या फोटोतल्या १६ बाय १६ पिक्सेलवर पसरतो, म्हणजे कुंकू, त्याच्या बाजूचं कपाळ आणि भुवईचं टोक सगळं एकाच तुकड्यात. त्या तुकड्यातल्या ६४ आकड्यांचं एका गणितानं रूपांतर होतं, ज्यात सावकाश बदलणारं काय आणि झटकन बदलणारं काय हे वेगळं निघतं. मग ते आकडे राउंड केले जातात. दुकानाच्या हिशोबात आपण पैसे सोडून रुपये धरतो तसंच, सेव्ह करताना क्वालिटी जास्त ठेवली तर पैसेच सोडतो, क्वालिटी कमी केली की दहा-दहा, शंभर-शंभर रुपये सोडायला लागतो. झटकन बदलणारं जे असतं, म्हणजे कडा, केस, मोत्यांमधली फट, त्याचे आकडे मुळात लहान असतात, ते शून्य होतात. फाईल लहान होते ती त्या शून्यांमुळे. आणि एकदा शून्य झालं की झालं, ते परत येत नाही.

ते गणित, डीसीटी, ज्यांनी काढलं ते नासिर अहमद बंगळूरचे, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. शिक्षण बंगळूरच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात झालं, मग अमेरिकेत गेले, १९७२ मधे कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत असताना यावर काम करायला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले तर मिळाले नाहीत, कल्पना फारच साधी वाटते म्हणून. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार नसताना त्यांनी काम केलं, आणि १९७४ मधे टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर पेपर आला. जेपेगचं स्टँडर्ड १९९२ चं. आज तुमच्या मोबाईलमधे असलेल्या जवळजवळ प्रत्येक जेपेग फोटोत ते गणित बसलेलं आहे. मला जेपेगबद्दल खूप आदर आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल मी त्याच्या विरोधात आहे.

जेपेगचा त्रास होतो तो परत परत सेव्ह करण्यानं. इथं एक गैरसमज लय आहे. फोटो नुसता उघडून बघितला, एका पेन ड्राईव्हवरनं दुसऱ्यावर कॉपी केला, तर त्याला काहीही होत नाही, हजार वेळा कॉपी करा. उघडून, त्यात काही बदलून परत जेपेगमधे सेव्ह केलात की ते राउंड करणं परत होतं. त्यातही तोच फोटो तेवढ्याच क्वालिटीला आणि काही न बदलता सेव्ह केला तर फार बिघडत नाही, पण डावीकडनं तीन पिक्सेल क्रॉप केले की सगळे चौकोन सरकतात, आधीच्या चौकोनांच्या कडा आता नव्या चौकोनांच्या पोटात येतात आणि त्या कडांनाच फोटोचा भाग समजून त्यावर परत हिशोब होतो. साईज कमी-जास्त केली तरी तेच. चॅटवर फिरून फिरून आलेल्या फोटोचं नेमकं हे होतं, प्रत्येक ग्रुपवर थोडं राउंड, थोडं राउंड.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षी एका घरातला जुना एकत्र फोटो रिटच करायला आला होता, एकवीस माणसं, मधोमध खुर्चीवर पणजोबा. भेगा पडलेल्या, बुरशीचे डाग. दोन आठवडे रोज संध्याकाळी थोडं थोडं काम करायचो आणि रोज जेपेगमधेच सेव्ह करायचो, त्याच नावानं. डाग गेले, भेगा गेल्या, आणि शेवटी लक्षात आलं की मागच्या रांगेतल्या बायकांच्या चेहऱ्यावरचं नाक-डोळ्यांचं बारीक सगळं त्याच्याबरोबर गेलंय. स्कॅनची पहिली फाईल उरलेली नव्हती, मूळ फोटो त्यांनी परत नेलेला. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, फोटो परत आणला, पहिल्यापासनं काम केलं, पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासनं स्कॅन केलेली पहिली फाईल टिफमधेच राहते आणि तिच्यावर कुणी हात ठेवत नाही, मी पण नाही.

टिफ हा जुना गडी, १९८६ पासनंचा. त्यात काहीही न गमावता फोटो ठेवता येतो, एलझेडडब्ल्यू हे फाईल गुंडाळायचं तंत्र लावलं तर थोडी जागा पण वाचते आणि तरी एकही पिक्सेल बदलत नाही. चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात, म्हणजे ८६ लाखांच्यावर पिक्सेल, प्रत्येकाचे लाल हिरवा निळा असे तीन आकडे, झाले साधारण २५ एमबी. लोक म्हणतात एका फोटोला २५ एमबी? होय, २५. आज शंभर फोटोंचा अल्बम अडीच जीबीत बसतो आणि ६४ जीबीचा पेन ड्राईव्ह काय भावाला मिळतो ते तुम्हाला माहीत आहे. ट्रंकेतला फोटो दर वर्षी थोडा थोडा पिवळा होत चाललाय, त्याचं चांगलं स्कॅन एकदाच होणार आहे, तिथं कसली काटकसर करायची.

टिफचा छपाईला अजून एक फायदा म्हणजे त्यात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशोबातले रंग, चालतात, फ्लेक्सवाल्याला तीच फाईल देता येते. पीएनजीत सीएमवायके नाही, त्यामुळे पीएनजी छपाईला पाठवली की रंग मशीनवर बदलतात आणि केशरी फेट्याचा विटकरी फेटा होतो.

मग पीएनजी कशाला? पत्रिकेला. म्हणजे पत्रिकेवरच्या गणपतीला. जेपेगमधे पारदर्शक असं काही नसतंच, त्यामुळे नेटवरनं जेपेगमधला गणपती घेऊन गुलाबी पत्रिकेवर ठेवला की बाप्पाच्या मागं पांढरा डबा येतो. पीएनजीत प्रत्येक पिक्सेलला किती पारदर्शक ते ठेवता येतं. आणि पीएनजी काही गमावत नाही, झिप फाईलमधे जे तंत्र असतं तेच आत आहे. १९९५-९६ मधे लोकांनी एकत्र येऊन ते बनवलं, कारण तोवर गिफ हा प्रकार चालायचा आणि गिफच्या आतल्या एलझेडडब्ल्यूवर एका कंपनीचं पेटंट निघालं, वर गिफमधे २५६ च रंग.

अक्षरं असतील तिथं तर पीएनजीच. हे एकदा घरी करून बघा. 'शुभविवाह' असं मोठ्या अक्षरात लिहा, काळं अक्षर, पांढरा कागद, आणि एकदा पीएनजी आणि एकदा कमी क्वालिटीचं जेपेग करा, मग चारशे टक्के झूम. पीएनजीत शिरोरेषा तलवारीसारखी सरळ. जेपेगमधे शिरोरेषेच्या वर-खाली करडे ठिपके, जणू दिव्याभोवती चिलटं जमलीत, आणि वेलांटी-रफाराच्या आत पण तेच. कारण काळ्यावरनं एकदम पांढऱ्यावर उडी म्हणजेच ते झटकन बदलणारं, आणि जेपेगनं नेमकं तेच राउंड केलेलं असतं. देवनागरीत अनुस्वार, रफार, जोडाक्षरं एवढं बारीक असतं की आपल्या अक्षरांना हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त होतो असं माझं तरी स्पष्ट मत आहे. आणि गंमत म्हणजे अशा चित्राची पीएनजी बहुतेक वेळा जेपेगपेक्षा लहान निघते, कारण एकसारखा पांढरा भाग पीएनजी चुटकीसरशी गुंडाळतं. उलट माणसाच्या फोटोची पीएनजी केली तर चांगल्या जेपेगच्या कितीतरी पट मोठी होते आणि डोळ्याला फरक काही दिसत नाही, त्यामुळे सगळे फोटो पीएनजीत ठेवणारे जे असतात त्यांनाही मी सांगतो की जागा उगाच घालवताय. आणि खराब झालेलं जेपेग पीएनजीत सेव्ह केलं की सुधारतं असं मानणारे पण येतात. चिपाडाचा परत ऊस होत नाही.

कागदपत्रांचं जरा वेगळं सांगायचंय, आणि हे गंभीरपणे घ्या. २०१३ मधे जर्मनीत डेव्हिड क्रीझेल नावाच्या कॉम्प्युटर सायंटिस्टच्या लक्षात आलं की एका घराच्या नकाशाचं स्कॅन केल्यावर खोल्यांचे आकडे बदललेत. मूळ कागदावर तीन खोल्या १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर, आणि स्कॅनमधे तिन्हीवर १४.१३. धूसर नाही, पुसट नाही, एकदम स्वच्छ छापल्यासारखं १४.१३. मशीन झेरॉक्स कंपनीचं वर्कसेंटर, आणि त्यात फाईल लहान करायला जेबिग२ नावाचा प्रकार होता, जो सारखे दिसणारे तुकडे शोधतो, एकच साठवतो आणि तोच सगळीकडे चिकटवतो. ६ आणि ८ पण अदलाबदल होत होते. कंपनीनं नंतर सॉफ्टवेअर दुरुस्त केलं, पण विचार करा, हेच सातबाऱ्यावर झालं तर? गट नंबर, हेक्टर-आर, आकार. धूसर आकडा दिसला तर माणूस निदान विचारतो की हे काय आहे, स्वच्छ चुकीचा आकडा कोण कशाला विचारील? म्हणून खरेदीखत, सातबारा, मार्कशीट असलं काही स्कॅन करताना स्कॅनरमधे 'सर्वात लहान फाईल' किंवा जादा कॉम्प्रेशनवाला पर्याय कधीच ठेवू नका. ३०० डीपीआय, रंगीत, म्हणजे शिक्का आणि शाई पण येते, पीएनजी नाहीतर टिफ. पीडीएफच करायची असेल तर लक्षात ठेवा की पीडीएफ हा नुसता डबा आहे, आत चित्र जेपेगचं आहे का कशाचं ते सेटिंगवर असतं. आणि मूळ कागद हातात असेपर्यंतच आकडे एकदा ताडून बघा.

आता फॉर्म. बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरायला पोरं येतात, फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, जेपेगच पाहिजे. पोरगं मोबाईलवरचा ४००० बाय ३००० चा फोटो घेतं आणि कुठल्यातरी ॲपमधे क्वालिटी खाली खाली ओढत जातं, पार तळाला नेल्यावर कसाबसा ५० केबीत येतो आणि तोंड म्हणजे विटांची भिंत. तायांनो, दादांनो, आधी पिक्सेल कमी करा. त्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेलच लागतो बहुतेक वेळा, तेवढा करा, मग क्वालिटी ९० ठेवली तरी ५० च्या आत आरामात बसतो, उलट कधी कधी २० च्या वर न्यायला क्वालिटी वाढवावी लागते. हा एक क्रम, आधी साईज मग क्वालिटी, एवढा जरी पाळला तरी कितीतरी फोटो वाचतील. सहीचंही तेच, फक्त पांढऱ्या कागदावर काळ्या जाड पेननं करा आणि कडेचा मोकळा कागद कापून टाका.

आणि क्वालिटीचा आकडा सगळीकडे सारखा नसतो, फोटोशॉपमधे ० ते १२ असतो, गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधे ० ते १००, त्यामुळे कुणी सांगितलं ८ ला सेव्ह कर तर कशातलं ८ ते विचारा. गिंपमधे जेपेग एक्स्पोर्ट करताना ॲडव्हान्स्डमधे सबसॅम्पलिंग म्हणून आहे, तिथं ४:४:४ निवडलं की रंग अर्धा होत नाही. हळद-कुंकवाचे, नवरीचे, लाल बॅकग्राउंडवर पिवळ्या अक्षरांचे जे काही असेल त्याला मी हेच लावतो.

नव्या फॉरमॅटचं थोडक्यात. आयफोनवाल्यांचा फोटो एचईआयसीमधे येतो, २०१७ पासनं, जागा कमी घेतो आणि चांगला असतो पण दुसरीकडे उघडत नाही म्हणून लोक त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवतात, तसं करू नका, सेटिंग्जमधे कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथं मोस्ट कंपॅटिबल केलं की पुढचे फोटो जेपेगमधे निघतात. वेबपी गूगलनं २०१० मधे आणलं, वेबसाईटसाठी उत्तम, फोटो पण चालतो आणि पारदर्शक पण चालतं. पण फोटोशॉपमधे थेट उघडायला २०२२ उजाडलं आणि जुन्या कोरलड्रॉमधे तर येतच नाही, आणि फाईलच्या नावात शेवटी नुसतं जेपीजी लिहिल्यानं ती जेपेग होत नसते. एव्हीआयएफ त्याहून लहान होतं, ब्राउझरना आता चालतं, तुमची वेबसाईट असेल तर बघा. जेपेग एक्सएल माझं सगळ्यात आवडतं आहे कारण ते जुनी जेपेग फाईल घेऊन काहीही न गमावता अंदाजे वीस टक्क्यांनी लहान करतं आणि परत हवी तेव्हा जशीच्या तशी मूळ जेपेग देतं, पण क्रोमनं २०२२ मधे ते काढून टाकायचं ठरवलं, सफारीनं २०२३ मधे घेतलं, असं अधांतरी. दुकानात येणारा माणूस यातलं काही आणत नाही, त्यामुळे मी अजून त्यात काही साठवत नाही. वीस वर्षांनी कुणाच्या नातवानं फाईल उघडली तर ती उघडली पाहिजे, आणि टिफ, पीएनजी, जेपेग उघडतील याची मला खात्री आहे.

चॅटवर पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाईल जशीच्या तशी जाते. मी दुकानात हे कागदावर लिहून काउंटरवर चिकटवलंय.

काका दुसऱ्या दिवशी दुपारी आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो, कोपरा उंदरानं कुरतडलेला, पण चेहरा शाबूत. ६०० डीपीआयला स्कॅन केला, टिफ सेव्ह केली, तिची कॉपी घेऊन त्यावर कोपरा भरला, रंग थोडा उठवला, फ्लेक्सला सीएमवायके टिफ, फ्रेमला वेगळी, आणि नातवाला स्टेटसला ठेवायला एक जेपेग, ४:४:४. मूळ टिफ पेन ड्राईव्हवर घालून काकांच्या हातात दिली.

निघायच्या आधी काकांना स्क्रीनजवळ बोलावलं आणि चेहरा मोठा करून दाखवला. कुंकू गोल होतं, कडेला कपाळाचा रंग वेगळा दिसत होता. नथ अजून मोठी केली. मोती सुटे सुटे दिसत होते, मधे लाल खडा. काका बराच वेळ बघत उभे राहिले, मग चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला. "ही नथ तिच्या आईची," म्हणाले. "एक मोती पडला व्हता, सोनाराकडनं नवा बसवला. त्यो बघ, त्यो जरा पिवळा हाय." मी बघितलं. खरंच, डावीकडनं तिसरा मोती बाकीच्यांपेक्षा पिवळसर होता.